आज कुणी आजारी नाही

"काय दुखतंय का?"

भिंगारच्या आमच्या गल्लीत बाबूराव खेडकर दारात आले की पहिला प्रश्न हाच. लोक रामराम घालतात, जेवण झालं का विचारतात. यांना आधी दुखणं हवं. आणि तेही काळजीनं नव्हे, चक्क आशेनं. "काही नाही, ठणठणीत आहे," असं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "बरं तर बरं," असं पुटपुटत ते पुढच्या दाराशी जायचे. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हातारबाबांचं काहीतरी बिनसलंय. आम्हा जुन्या माणसांना कारण माहीत होतं. बाबूरावांची एकुलती एक मुलगी वैशाली तुर्कस्तानात होती, आणि तिला फोन करायला बाबूरावांना कुणाचं तरी दुखणं लागायचं.

आता हे नीट सांगायला हवं.

बाबूराव मूळचे शेवगावकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि भिंगारचेच झाले. आमच्या शेजारी त्यांनी दोन खोल्या बांधल्या. बायको सिंधूताई वैशाली शाळेत असतानाच गेली. त्यानंतर या माणसानं दुसरा विचार केला नाही. सकाळी कामावर जायच्या आधी पोरीच्या दोन वेण्या घालायचे. त्या इतक्या घट्ट असायच्या की बिचारीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. ती आमच्याकडे येऊन म्हणायची, "काकू, जरा सैल करा ना, पण दादांना सांगू नका." वडिलांना ती दादा म्हणायची. मी सैल करून द्यायची. संध्याकाळी बाबूराव पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत.

वैशाली पुण्यात इंजिनिअर झाली. कंपनीनं तिला इझमीरला पाठवलं. इझमीर म्हणजे तुर्कस्तानातलं समुद्राकाठचं मोठं गाव. तिथं बरोबर काम करणाऱ्या एमरे नावाच्या मुलाशी तिनं लग्न करायचं ठरवलं आणि वडिलांना फोनवर सांगितलं. बाबूराव ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुन्हा माझं तोंड बघू नको." आणि फोन ठेवला. मी त्यांना नंतर खूप समजावलं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "वहिनी, एकदा बोललो म्हंजी बोललो. शबुद म्हंजी काय चहातली माशी हाय का, चिमटीनं काढून टाकायला?"

तीन वर्षं अशीच गेली. वैशाली मला फोन करायची, वडिलांची चौकशी करायची. मी सांगायची ते ऐकून घ्यायची, आणि शेवटी विचारायची, "माझं नाव काढतात का?" मी खोटं बोलायची. काढतात म्हणायची.

एका थंडीत बाबूरावांची छाती भरली. खोकून खोकून रात्री जागवल्या. हे मी वैशालीला सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या दारात एक खोकं आलं. तिच्या सासऱ्यांनी पाठवलेलं. सासऱ्यांचं इझमीरच्या जुन्या बाजारात दुकान, वाळवलेली फुलं, पानं, मुळ्या, बिया विकायचं. त्या दुकानदाराला तिकडे अक्तार म्हणतात. आपल्याकडच्या काष्ठौषधीवाल्यासारखाच, फक्त तिथं लोक काढे न्यायला जात नाहीत, चहा न्यायला जातात. तो चहा आपला नव्हे. लिंडन नावाच्या झाडाच्या फुलांचा इहलामूर, कापरासारख्या वासाच्या पानांचा अदाचाय, रानगुलाबाच्या लाल फळांचा कुशबुर्नू. खोक्यात अशा पुड्या ठासून भरलेल्या होत्या.

बाबूरावांनी खोकं कपाटावर ठेवून दिलं. "व्याह्यानं धाडलंय, परत करनं बरं दिसत न्हाई. पन मी काय शिवनार न्हाई," असं मला बजावलं. आठवडाभर ते खोकं वर बसून राहिलं आणि हे खाली बसून त्याच्याकडे बघत राहिले.

मग एका सकाळी हाक आली, "वहिनी, जरा या इकडं!" जाऊन पाहते तर गॅसवर पातेलं, पातेल्यात अर्धा लिटर दूध, दुधाचे लाल-पांढरे गोळे झालेले. बाबूरावांनी कुशबुर्नूची मूठभर सालं घेऊन आपल्या पद्धतीनं दूध, साखर, आलं घालून दणदणीत उकळली होती. ती फळं आंबट. दुधाचं काय होणार! पण आपल्याकडे चहा म्हटला की दूध आलंच, त्यांचा तरी काय दोष?

मी हसणार इतक्यात त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तिचा नंबर त्यांनी तीन वर्षांपूर्वीच पुसून टाकला होता. पण बोटं एकदाही न अडखळता सगळा आकडा दाबून मोकळी झाली. ऐकू कमी येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

पलीकडून "हॅलो" आलं आणि बाबूराव म्हणाले, "दूध नासलं."

 मग अगदी हळू, "दादा?"

"ह्ये लाल काय धाडलंय? अर्धा लिटर दूध नासलं माझं."

"दादा, त्यात दूध घालत नाहीत."

"मग आदी सांगायचं हुतं!"

"तुम्ही फोनच..." ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं.  "दादा, नुसतं पाणी उकळा. गॅस बंद करा. मग त्यात ते घाला आणि झाकून ठेवा. उकळायचं नाही."

"झाकून किती येळ?"

"रंग उतरेपर्यंत. लाल झालं की गाळा. थंडीत चांगलं असतं ते, अंगात ताकद राहते."

"बरं," म्हणून बाबूरावांनी फोन ठेवला. नासलेलं दूध मोरीत ओतलं, पातेलं घासलं, पुन्हा पाणी ठेवलं. माझ्याकडे पाठ होती. पाठ हलत होती. मी घरी आले आणि आमच्या यांना म्हटलं, "देवानं त्या लाल फळाचं भलं करावं."

त्या दिवसापासून गल्लीत कुणी शिंकायची खोटी. 'तोंड बघू नको' हा शब्द तर मागे घेता येत नव्हता. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर औषध विचारायला काय हरकत होती? शब्दही राहिला, आवाजही ऐकायला मिळाला. कोपऱ्यावरचे सदूभाऊ गिते, रिटायर्ड ट्रकचालक, त्यांना खोकला लागला. लगेच इझमीरला फोन. सदूला काय द्यावं? वैशाली म्हणाली, इहलामूर द्या, थोडा मध घालून. मागच्या आळीतल्या शांताबाईंचं पोट बिघडलं, तर पापात्या, म्हणजे तिकडची शेवंतीसारखी बारीक पांढरी फुलं. मी झोप येत नाही म्हणून सांगितलं, तेव्हाही पापात्याच. केकिक नावाची पुडी उघडली तर सबंध घरात ओव्याचा वास. बाबूराव म्हणाले, "वहिनी, ह्यो तर आपला ओवाच. पासपोर्ट काढून आलाय इतकंच."

चहा करायची त्यांची रीत बघण्यासारखी झाली होती. आपण चहा रटारटा उकळतो, वर येऊ देतो, खाली बसवतो, पुन्हा वर आणतो. इहलामूरला हे चालत नाही. तो उकळला की कडवट, बुळबुळीत होतो. गरम पाण्यात टाकून झाकण ठेवायचं आणि गप बसायचं. जन्मभर हातोडी-पाना चालवलेला हा माणूस त्या झाकणाशेजारी मांडी घालून बसायचा. मधाचा वास सुटायचा. रंग पिकल्या गव्हासारखा उतरला की तिकडूनच आलेल्या बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यात ओतून, पेला फडक्यात धरून घरोघर न्यायचे. "ह्यो इलाज न्हाई बरं का," हे प्रत्येकाला सांगायचे. "इलाज दवाखान्यात. ही सोबत हाय." आणि खरोखर, एकदा सदूभाऊंच्या सुनेला ताप चढला, तर वैशालीनं चहाचं नावसुद्धा काढलं नाही, "दादा, आधी डॉक्टर," म्हणाली. बाबूराव स्वतः रिक्षा घेऊन आले. एका मास्तरांना रक्तदाबाचा त्रास होता, त्यांना ज्येष्ठमधाच्या चहाची इच्छा झाली, तर पोरगी म्हणाली, अजिबात नको, त्यानं बीपी वाढतं. बाबूरावांनी ती पुडीच वेगळ्या डब्यात टाकली.

फोनवर दुखण्यापलीकडे एक अक्षर नसायचं. तू कशी आहेस, जावई कसा आहे, काही नाही. पण फोन करण्याआधी बाबूराव तोंड धुवायचे, केसांवरून पाण्याचा हात फिरवायचे. आपल्याकडे दिवेलागण झाली की तिकडे दुपार असते. कामातून ती चहाला उठते ती वेळ त्यांनी हेरली होती. त्या वेळेला ओट्यावर बसून ते रस्त्याकडे बघत राहायचे, आणि मला आतून कळायचं, आज कुणालाच काही झालेलं नाही. ते बसणं बघवायचं नाही. माणूस भुकेला असला तर ताट वाढता येतं. याला काय वाढायचं?

माझी भाची केडगावहून आली होती. पहिलटकरीण, चौथा महिना. तिचा घसा बसलेला. बाबूराव लगबगीनं अदाचाय घेऊन निघाले, कारण घशाला तोच. पण रीतीप्रमाणे आधी फोन केला. वैशाली घाईनं म्हणाली, "दादा, थांबा! पोटुशी बाईला अदाचाय द्यायचा नाही. चालत नाही तो. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा." बाबूरावांनी पेला तिथंच ओतला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं काय झालं ते यावरून कळेल.

पावसाळा संपता संपता एकदा फोनवर वैशालीचाच आवाज बसलेला आला. बाबूराव म्हणाले, "घसा धरलाय का तुजा? मग अदाचाय घे की. दुकान घरचं हाय."

तिनं घसा खाकरला. मग म्हणाली, "दादा, मला आता तो चालत नाही."

बाबूरावांनी नुसतं "हां" म्हटलं. फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, डिंक कुठला चांगला? नगरच्या बाजारात मिळंल का भिंगारात बघू?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे बाबूरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून घरात डिंक आला, खारीक आली, खोबरं, अळीव, बाळंतशेपा आल्या. बाळंतिणीला शेक द्यायला सुंभाची बाज विणून घेतली. आतली खोली चुन्यानं रंगवली. सगळी तयारी झाली, आणि एक गोष्ट तेवढी होईना. पोरीला 'ये' म्हणणं. फोन व्हायचे, सदूभाऊंच्या खोकल्यावर चर्चा व्हायची, आणि फोन बंद व्हायचा. मी रोज मागं लागायची. "भाऊजी, बाज विणून माहेर होत नाही. तोंडानं बोलवा."

"तिला कळत न्हाई व्हय?"

"तिला कळतं. पण तिला ऐकायचंय."

"बोलून बसलोय मी वहिनी," ते म्हणायचे. एकदा तर असहायपणे म्हणाले, "कसं काढू त्ये मागं? मला येतच न्हाई त्ये."

आठवड्यामागून आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं तोंड धुतलं, स्वच्छ शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तुमी बसा हितंच. मला धीर यील." नंबर लावला.

"कोण आजारी आहे दादा?" वैशालीनं नेहमीसारखं विचारलं.

"आज कुनी आजारी न्हाई."

बाबूराव सरसावून बसले.

"वैशू, मी जे बोल्लो हुतो... तसं बोलाया नको हुतं. चुकलं माझं. तू ये. बाळंतपनाला ये. समदी तयारी केलीया मी."

ती रडायला लागली. खूप वेळ रडत राहिली. बाबूराव फोन दोन्ही हातांत धरून ऐकत होते. मग ती म्हणाली, "दादा, सातवा संपत आलाय. बीपी वाढलंय माझं. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत आता. दोन महिन्यांपूर्वी म्हणाला असतात तर आले असते हो."

बाबूरावांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण त्यांनी फार वेळ घेतला नाही. "बरं," ते म्हणाले. "तुला येता येत न्हाई, तर मी येतो."

कधी पुण्यापलीकडे न गेलेला माणूस पासपोर्टच्या रांगेत उभा राहिला. व्हिसा हातात पडेपर्यंत नात जन्मलीसुद्धा. मी आणि त्यांनी मिळून लाडू वळले. माझे गोल व्हायचे, त्यांचे नटबोल्टसारखे. सदूभाऊ त्यांना सोडायला मुंबईला गेले. विमानतळावर कुणा साहेबानं विचारलं म्हणे, एवढ्या जड बॅगेत आहे तरी काय? बाबूराव म्हणाले, "माहेर हाय, साहेब." खरं-खोटं सदूभाऊ जाणोत, पण असं बोलू शकणारा माणूस तो होता खरा.

तीन महिन्यांनी परत आले ते निराळेच होऊन. बोलके झाले होते. सांगत होते, "वहिनी, मी हितनं बाळंतशेपा घिऊन गेल्तो, तर विहीनबाईंनी आदीच पातेलं ठिवलेलं. झाकन उघडून बघतो तर बडीशेप! रेझेने म्हंत्यात. बाळंतिनीला दूध यावं म्हनून तितंबी त्योच उपाय. त्यांना माझी भाशा यीना, मला त्यांची. पन बडीशेपंचा वास आला आन् म्या म्हनलं, आता काळजी न्हाई." बाळ बघायला येणाऱ्यांना तिकडे दालचिनी-लवंग घातलेलं लालभडक सरबत देतात, त्याचंही त्यांना फार कौतुक. "आपल्याकडं सुंठवडा, तितं सरबत. बाळ बघाया आल्याला तोंड गोड केल्याबिगार धाडायचं न्हाई, ह्यो कायदा दोन्हीकडं सारखाच." नातीचं नाव देफ्ने. ते एका झाडाचं नाव, त्याची पानं तिकडे तमालपत्रासारखी रश्शात घालतात. "मसाल्याच्या डब्यातलं नाव ठिवलंय पोरीचं," असं म्हणून ते खो खो हसायचे.

जावयाबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "माझे पाय दुकत हुते, तर गरम पानी घिऊन आला. काय बोलला न्हाई. लेक चांगल्या घरी पडली." थोडं थांबून म्हणाले, "हे मला आदी बघाया पायजे हुतं."

आता रोज फोन व्हायचा, कुणाच्याही दुखण्याशिवाय. वैशाली मेच्या सुट्टीत लेकीला घेऊन येणार होती. तिकिटं निघाली होती. बाबूरावांनी आतल्या खोलीला पुन्हा रंग दिला, या वेळी पिवळा. पण फोन संपला की ते जास्तच एकटे दिसायचे. पूर्वी आवाजाची तहान होती, आता त्या पोरीचा वास, तिचं वजन, मुठीत धरलेलं बोट हे सगळं आठवायचं. "आवाजानं पोट भरत न्हाई वहिनी," असं एकदा म्हणाले. "मांडीवर घेतल्याली वस्तू, ती मांडीलाच आटवती."

मे काही त्यांना दिसला नाही. थंडीतच एका पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. वैशाली मिळेल त्या विमानानं निघाली, तरी तिसरा दिवस उजाडला. अस्थी गोळा झालेल्या होत्या. कडेवर देफ्नेला घेऊन ती पिवळ्या खोलीत आली. बाज अजून तिथंच होती. ती बाजेवर बसली आणि भिंतींकडे बघत राहिली. रडली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, रडली नाही. मला त्याचीच भीती वाटत होती.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून मी किटलीत चहा करून नेला होता, आपला, दुधाचा. गल्लीतली माणसं बसली होती.  सदूभाऊ बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "पोरी, येक सांगू का? मला खोकला नव्हता."

वैशालीनं वर पाहिलं.

"म्हंजी पयल्यांदा हुता, आट दिस. मंग बरा झाल्तो. पन तुजा बाप रोज दारात यायचा. काय न्हाई म्हनलं की त्येचं त्वांड बघवायचं न्हाई. मंग मी खोकायचो. वरीसभर खोकलो बग."

शांताबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माजं पोटबी तसंच गं बाई." आणि मग मलाही सांगावं लागलं की माझी झोप कधी उडालीच नव्हती. तो चहा पिऊन मी दुपारीसुद्धा झोपायची, ते वेगळं.

वैशालीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "इहलामूर पिऊन वर्षभर खोकणारा माणूस तुर्कस्तानातसुद्धा नाही."

"आन् तुज्या बापाला?"

"त्यांनाही माहीत होतं. तिकडे आले तेव्हा मला म्हणाले, सदू लई वाईट खोकतो गं. त्याला नीट खोकताबी येत न्हाई."

सुतकाच्या घरात आम्ही सगळे हसलो. सदूभाऊ हसता हसता टोपीनं डोळे पुसायला लागले. देफ्ने दचकून आईला बिलगली. आणि तेव्हा वैशालीचा बांध फुटला. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, दादांना माहीत होतं. मग काकू, आम्ही एवढी वर्षं कशात घालवली?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.